ताशी चाळीस

"मिस्त्री, जरा दाबा की गाडी," साहेब म्हणाले.

मी काट्याकडे बघितलं. ताशी चाळीस. घाट सुरू होतो तिथल्या पाटीवर तेवढंच लिहिलेलं आहे. म्हणालो, "याच्यावर परवानगी नाही साहेब."

ते हसले. त्यांना वाटलं, मी चेष्टा करतोय.

साहेब म्हणजे आमच्या सायकल संघाचे मॅनेजर. व्यावसायिक संघ म्हटलं की लोकांना वाटतं, आठ पोरं आणि आठ सायकली. प्रत्यक्षात तो फिरता संसार असतो. बस, ट्रक, गाड्या, स्वयंपाकी, डॉक्टर, रोज नवं हॉटेल, टायर, डिझेल. आणि शर्यत बघायला कोणी तिकीट काढत नाही, लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून फुकट बघतात. पोरांच्या छातीवर जिचं नाव छापायचं, त्या कंपनीच्या पैशावर सगळं चालतं. कंपनीनं हात आखडला की साहेब कात्री घेऊन बसायचे.

अशाच एका वर्षी त्यांनी दोन व्हॅनची एक केली. पूर्वी एक व्हॅन अर्ध्या वाटेवर उभी राहून धावत्या पोरांच्या हातात खाण्याच्या पिशव्या द्यायची. दुसरी शेवटच्या रेषेपाशी थांबायची, टॉवेल, पाणी, कोरडे कपडे घेऊन. मग दोन्ही कामं एकीवर आली. शेवटच्या पोराला पिशवी दिली की सामान आत फेकायचं आणि पोरांच्या आधी रेषा गाठायची. शर्यतीचा रस्ता बंद, म्हणून घाटातून वळसा घालून. ती व्हॅन आमची ही चालवायची.

ही संघात मालीश करायची. पोरं तिला मावशी म्हणत. पोटरीला हात लावला की तिला कळायचं, कोण झोपला नाही आणि कोण घरी भांडून आलाय. गेल्या वर्षी याच घाटात तिची व्हॅन कठडा तोडून खाली गेली. चौकशीत साहेबांनी सांगितलं की वेळ भरपूर होता, बाईंनाच वेगाची सवय होती. तसंच नोंदलं गेलं. तिच्या सख्ख्या भावानं मला विचारलं, "दाजी, ताईला एवढी कसली घाई होती हो?"

त्याला काय सांगणार? माझ्याकडे माझ्या शब्दाशिवाय काही नव्हतं.

साहेबांनी मग मोठ्या मनानं तिचं काम मला दिलं. सकाळ-संध्याकाळ सायकलींची दुरुस्ती, दुपारी व्हॅन, पगार एकच. मी हो म्हणालो. सगळ्यांना वाटलं, माणूस खचलाय, सांगाल ते करतोय. मी वाट बघत होतो.

यंदा शर्यत पुन्हा इकडे आली. नव्या कंपनीचे मालक पाहुणे म्हणून आले होते. त्यांना कोचच्या गाडीत, त्याच्या शेजारी बसवून शर्यतीमागून न्यायचं ठरलं. ती जागा साहेबांची, आणि संघाची दुसरी गाडी साहेबांनीच विकून टाकलेली. म्हणून ते माझ्या शेजारी आले. रेषेवर पाहुण्यांचा हात हातात घेऊन, कॅमेऱ्यासमोर, त्यांना करार जाहीर करायचा होता.

आम्हाला दुधाचा टँकर मागे टाकून गेला. तेव्हा साहेबांचं हसणं थांबलं. त्यांनी घड्याळ बघितलं, मला बघितलं, पुन्हा घड्याळ.

व्हॅनमध्ये रेडिओ असतो. माईकचं बटण दाबलं की आपलं बोलणं कोचच्या गाडीत आणि पोरांच्या कानात एकदम जातं. पोरं जोर लावत असतात, म्हणून कामाशिवाय कोणी दाबत नाही. माईक माझ्या मांडीशी होता. मी दाबला आणि दाबून धरला.

"साहेब, वेळ भरपूर असतो असं तुम्हीच म्हणाला होतात."

"कधी?"

"चौकशीत. हिच्या वेळी."

"अहो, तिथे तसंच बोलायचं असतं! चाळीसनं या घाटातून कोण पोहोचलंय आजवर? ऐंशीनं हाणल्याशिवाय रेषा गाठता येत नाही, सगळ्यांना माहितीये."

"मग तिला सांगायचं होतं, सावकाश ये."

"सावकाश? आणि रेषेवर माझी पोरं टॉवेलशिवाय कुडकुडत उभी? मी तिला स्पष्ट सांगितलं होतं, एकदा जरी उशीर झाला तर दुसरी बाई बघेन. धाक असल्याशिवाय माणसं कामं करत नाहीत, मिस्त्री."

मी अंगठा काढला. रेडिओ खरखरला. मग कोचचा आवाज आला, अगदी हळू. "व्हॅन, तुमचं सगळं ऐकू आलं. पाहुण्यांनाही."

साहेबांची नजर माईकवर गेली. त्यांचा तो चेहरा मी वर्षभर मनात बघत होतो, जेवताना, दात घासताना, चाकं पुसताना. आता खरा मिळाला. पोटभर बघून घेतला. वळण आलं म्हणून मान वळवली.

"कळतंय का तुम्हाला काय केलंत?" ते म्हणाले. "संघ बुडाला. तुमच्यासकट बावीस घरं बसली."

"कळतंय."

खरंच कळत होतं. स्वयंपाक्याची पोरं अजून शाळेतही जात नाहीत. तरी पुन्हा वेळ आली असती तर पुन्हा बटण दाबलं असतं.

ते वळण आलं. कठड्याचा नवा तुकडा अजून बाकीच्यापेक्षा उजळ दिसतो. चाळीसनं त्या वळणात काहीच नाही. हातातल्या कपातला चहासुद्धा हिंदकळला नसता.

पोहोचलो तेव्हा अडथळ्यांच्या जाळ्या ट्रकवर चढवत होते. पाहुणे केव्हाच निघून गेले होते. साहेब व्हॅनमधून उतरले नाहीत. काच वर करून बसून राहिले.

पोरं मात्र होती. बस शेजारीच उभी, आत गरम पाणी, तरी एकही जण चढला नव्हता. घाम अंगावर वाळलेला, वारा सुटलेला. मी मागचं दार उघडून टॉवेलचा क्रेट ओढला, तर सगळ्यात उंच पोरानं तो माझ्या हातातून घेतला.

"तुम्ही बसा, मिस्त्री. मी वाटतो."

तो एकेकाच्या हातात टॉवेल देत गेला. मग एकानं टॉवेलमध्ये तोंड खुपसलं आणि तसाच म्हणाला, "आम्हीपण रोज म्हणायचो तिला. मावशी, लवकर ये हं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग फुटपाथच्या कडेवर बसलो. किती वर्षं तिनं या कामात काढली, पण शर्यत संपल्यावर तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.