मळकट म्हणे!

मी बोलतोय. खिडकीशेजारच्या भिंतीवरचा तो हातभर पट्टा, ज्याला बघून जो तो नाक मुरडत होता, तोच मी. आज जरा माझंही ऐका.

माझा जन्म रंगाच्या दुकानातला. पांढऱ्याच्या डब्यात यंत्राने थोडा पिवळा, जरासा तांबडा आणि नावापुरता काळा सोडला, आणि डबा असा गदागदा हलवला की माझी आतडी घशाशी आली. दुकानातल्या रंगांच्या पुस्तकात मला भलतंच लांबलचक नाव होतं. रंगाऱ्याने मात्र झाकण उघडलं आणि म्हणाला, "म्हणजे बिस्किटी!" मला आवडलं. नाव कसं सुटसुटीत असावं.

मला निवडलं बाईंनी. बाई रुग्णालयात नर्स होत्या. वॉर्डाच्या भिंती पांढऱ्या, क्वार्टरच्या पांढऱ्या, अंगावरचा गणवेशही पांढरा. रंग कोणता हवा, हे उभ्या जन्मात त्यांना कुणी विचारलं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःची दोन खोल्यांची जागा घेतली. झोपायच्या खोलीला त्यांना उबदार, पण डोळ्यांत न खुपणारा रंग हवा होता. भिंतीवर माझा एक हात मारून त्या मला रोज बघायच्या. सकाळच्या उन्हात, दुपारी, दिवा लावल्यावर. एवढं निरखून तर लोक जावईही बघत नाहीत.

चुकल्या एकाच ठिकाणी. माझा फोटो काढून मुलांना पाठवला.

झालं! थोरल्याला मी पिवळा दिसलो, लेकीला गुलाबी, आणि जावयाने तर "भिंतीला ओल आलीय का?" असं विचारलं. जितके फोन तितके रंग. मी एका जागी उभा होतो, पण कुणी येऊन बघेल तर शपथ!

शेवटी थोरला आला आणि दारातूनच बघून मोकळा झाला. जुन्या पांढऱ्याफटक भिंतीवर मी एकटा. तिथे दूध फासलं असतं तरी पिवळं दिसलं असतं.

"आई, मळकट दिसतोय गं. पांढराच लाव. स्वच्छ वाटतं, खोलीही मोठी दिसते."

"मला मोठी खोली नकोय, झोप हवीय," बाई म्हणाल्या. "पांढरी भिंत समोर आली की वाटतं, ड्यूटी अजून संपलेलीच नाही."

"तुला नाही कळत त्यातलं," म्हणत त्याने रंगाऱ्याला फोन लावला.

मला असा संताप आला! जिने अख्खा वॉर्ड सांभाळला, तिला चार भिंतींतलं कळत नाही? आणि मळकट कोण? मळ अंगावर साचतो. मी तर जन्मलोच असा.

रंगारी पांढऱ्याचा डबा घेऊन हजर झाला. रोलर बुडवून त्याने पहिला हात थेट माझ्या डोक्यावर ओढला. गार, ओला, चिकट. माझा अर्धा देह गडप झाला. ओरडायला तोंड नाही, पण मी पक्का वाळलेला होतो. दबलो नाही. पांढऱ्याखालून त्याच्याकडे बघत राहिलो.

"थांबा!" बाईंचा आवाज वॉर्डातला होता.

"काकू, दादांनी पांढराच सांगितलाय."

"दादा झोपणार आहे का इथे?"

"नाही बुवा," रंगारी हसला.

"मग रोलर धुवा आणि बिस्किटीचा मोठा डबा आणा."

आता मी चारही भिंतींवर आहे. बाई दुपारी आडव्या होतात आणि खुशाल घोरतात. पहिल्यांदा ते घोरणं ऐकलं तेव्हा मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

परवा थोरला आला. रंगाऱ्याने त्याला काही कळवलं नव्हतं. खोलीभर नजर फिरवून स्वारी खूश. "बघ, शेवटी पांढराच लावलास ना! किती प्रसन्न वाटतंय!"

बाईंनी त्याचं मनगट धरलं आणि हात भिंतीला टेकवला. त्याच्या इस्त्रीच्या शुभ्र बाहीशेजारी मी बिस्किटी लख्ख उठून दिसलो.

"हा तुझा पांढरा," त्या म्हणाल्या, "आणि हा माझा रंग."

त्याने बाही मागे घेतली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा टेकवून बघितली. ही खोली आता बाईंची आणि माझी आहे. ज्याला यायचं त्याने यावं, बसावं, पाणी प्यावं. पण पुन्हा कुणी डबा घेऊन दारात उभं राहिलं, तर सांगून ठेवतो, माझ्यावर हवे तेवढे हात मारा, मी खालून उगवेन.