राजाच्या कानामागचा खड्डा

मी एक जुना मातीचा राजा आहे, मित्रांनो. राजा म्हटलं म्हणून लगेच सिंहासन शोधू नका. मी म्हणजे नुसतं मानेपर्यंतचं डोकं, लाकडी पाटावर बसवलेलं. कुणी चिडलं की विचारतं ना, 'डोक्यात माती भरलीय का?' माझ्या डोक्यात तर तेवढीही नाही. आत तार आणि चुरगळलेला चंदेरी कागद आहे, माती फक्त वरून. तीही तेलात मळलेली, कधीच न वाळणारी. हे लक्षात ठेवा, कारण माझा सगळा गुन्हा त्यातच आहे.

मला घडवलं ताईने. ताई एका स्टुडिओत कॉम्प्युटरवरच्या खेळांमधली पात्रं घडवते. तेव्हा एका नव्या खेळासाठी एल्फ हवे होते. एल्फ म्हणजे जंगलात राहणारे, उंच, लांब टोकदार कानांचे लोक. ते दिसतील कसे, त्यांचे केस, कपडे, दागिने कसे असतील, हे सगळं ताईने ठरवायचं होतं. तिने त्यांचं जग पानांवर बेतलं. वेण्या वेलींसारख्या वळलेल्या, अंगरख्याच्या शिवणी पानांच्या शिरांसारख्या. फक्त राजाचा चेहरा काही केल्या सापडेना. कागदामागून कागद फाडून झाले. मग एकदा जेवताना समोर बसलेल्या वडिलांकडे तिचं लक्ष गेलं आणि ती घास तसाच ठेवून ओरडली, "अरे, हा तर घरातच आहे की!"

ताईचे वडील सुतार. तिची मुलगी भिंगरी त्यांना आजोबा म्हणते, म्हणून मीही आजोबाच म्हणतो. उंच माणूस, गालफडं वर आलेली आणि कान सुपाएवढे. शाळेत पोरं त्यांना 'सुपकान्या' म्हणून चिडवायची. तेव्हापासून ऊन असो की पाऊस, त्यांच्या डोक्यावर कानटोपी. पुढे करवतीच्या मशीनपाशी उभं राहून राहून त्यांना ऐकू येईनासं झालं. डॉक्टरांनी कानामागे लावायचं मशीन दिलं, तर ते कायम ड्रॉवरमध्ये.

"बाबा, मशीन कुठंय?" ताई ओरडून विचारायची.

"आराम करतंय," आजोबा म्हणायचे. "सगळा जन्म हे कान झाकण्यात गेला. आता त्यांच्यावर दिवा लावून लोकांना दाखवू होय?"

भिंगरी शाळेतून येऊन काही सांगायला लागली की ते नुसते 'हं, हं' करायचे. भलत्याच ठिकाणी हसायचे. हळूहळू भिंगरीने त्यांना काही सांगायचंच सोडून दिलं. हे ताईला फार लागायचं. म्हणून एक दिवस ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"मी माझ्या राजाच्या कानामागे अस्संच मशीन बसवते. राजाने लावलं तर तुम्ही लावाल?"

आजोबा हसले. "राजा लावत असेल तर मी कोण टिकोजीराव लागून गेलो? लावीन."

"शब्द दिलात हं."

"दिला. पण तूही दिलास, विसरू नकोस."

मग रोज संध्याकाळी आजोबा टोपी काढून स्टुलावर बसायचे आणि ताई मला घडवायची. माझा पाटही त्यांनीच रंधा मारून केला. त्यांच्या कपाळावरची एकेक सुरकुती माझ्या कपाळावर आली. कान तेवढे ताईने टोकाला ओढून लांब केले. शेवटी तिने आजोबांचं खरं मशीन माझ्या कानामागे दाबून खड्डा केला आणि त्यात मातीचं मशीन बसवलं. पानाच्या आकाराचं, बारीक शिरांचं. इतकं देखणं, की आजोबा कितीतरी वेळ त्याच्याकडेच बघत राहिले. मग त्यांनी खरं मशीन उचललं आणि स्वतःच्या कानामागे लावलं.

त्या संध्याकाळी भिंगरी त्यांच्या पाठीमागे जाऊन हळूच पुटपुटली, "आजोबा, तुम्ही घोरता."

"आणि तू झोपेत भांडतेस, त्याचं काय?"

भिंगरी टुणकन उडालीच. मग तिची शाळा, मैत्रिणी, मारामाऱ्या, सगळं सुरू झालं. ते घर इतकं बोलकं मी तेव्हाच पाहिलं, आणि ते माझ्यामुळे झालं म्हणून मी फुशारून गेलो होतो.

मग मला स्टुडिओतल्या सरांपुढे ठेवलं. खेळातलं काय कसं दिसावं यावर शेवटचा शब्द त्यांचा. माणूस वाईट नव्हता. "चेहरा झकास," ते म्हणाले. "वय तेवढं कमी कर. एल्फ म्हातारे होत नाहीत. आणि हे कानामागे काय?"

"ऐकायचं मशीन."

"अगं, पान पडलं तरी ज्यांना ऐकू येतं ते एल्फ! तीच तर खेळात त्यांची ताकद आहे. त्यांना मशीन? काढ ते."

"राजा आहे, सर. एखाद्या लढाईत कान गेला असेल त्याचा."

"काढ. उद्या याच्यावरून कॉम्प्युटरवरचा राजा करायला घ्यायचाय."

ताईने मला स्वतःकडे वळवलं. तिने माती खरवडायचं तारेचं हत्यार उचललं. मित्रांनो, मी दगडाचा असतो तर त्या तारेचं टोक वाकलं असतं. भाजलेल्या मातीचा असतो तर निदान तडा गेला असता, आवाज झाला असता. पण मी मऊ. सुरकुत्या गेल्या, मशीन गेलं, मी तोंडातून ब्र काढला नाही. एका दुपारीत मी तरणाबांड झालो. कानामागचा खड्डा ताईने अंगठ्याने लिंपायला घेतला आणि अर्ध्यावरच सोडून दिला.

घरी ती काही बोलली नाही. आज सांगते, उद्या सांगते, असं करता करता स्टुडिओत घरच्यांना खेळ दाखवायचा दिवस उजाडला.

आजोबा आले ते टोपीशिवाय. इस्त्रीचा शर्ट, कानामागे मशीन. पडद्याखालच्या टेबलावर मला मांडलं होतं, त्यामुळे मला ते समोरच दिसत होते. शेजारच्या अनोळखी माणसाला ते सांगत होते, "आमचा चेहरा आहे बरं का. कानामागे बघा, गंमत आहे."

पडद्यावर राजा आला आणि सावकाश गोल फिरू लागला. आधी चेहरा. मग गाल. मग कान. मग कानामागची गुळगुळीत, कोरी कातडी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी हात वर नेला, मशीन काढलं आणि खिशात टाकलं.

"छान झालंय गं!" ते ताईला म्हणाले. इतक्या मोठ्याने, की सगळं दालन वळून बघू लागलं. ताईची मान खाली गेली. मला मान खाली घालता येत नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

काम संपल्यावर स्टुडिओला माझी गरज उरली नाही. ताईने मला घरी आणून फळीवर ठेवलं. त्याच दिवशी आजोबा माझ्यापुढे उभे राहिले. त्यांचं बोट माझ्या कानामागे फिरलं, खड्ड्याशी थांबलं. त्यांनी खिशातून मशीन काढून त्यात अडकवलं. "घे. आधी तू," म्हणाले आणि टोपी चढवून निघून गेले.

अडकवताना मशीन चालू झालं होतं. कानात नीट बसलं नाही की ते शिट्टी मारतं. बारीक, न थांबणारी शिट्टी. भिंगरीने फ्रिजमागे शोधलं, पलंगाखाली शोधलं. सगळ्या घराला ती शिट्टी ऐकू येत होती, फक्त आजोबांना नाही. शेवटी ताई शोधत शोधत माझ्यापर्यंत आली, मशीन पाहिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. आजोबा खिडकीकडे तोंड करून लाकूड घासत होते. ती त्यांच्या पाठीशी गेली.

"बाबा, चुकलं माझं. मी शब्द मोडला."

पाठीला सांगणं सोपं असतं. आजोबा लाकूड घासत राहिले. ती मशीन माझ्यापाशीच सोडून आत गेली. पुढे सेल संपून शिट्टीही थांबली. भिंगरीने पुन्हा गप्पा सोडल्या. त्यांना ऐकू जायला हवी होती ती माफी माझ्या कानावर पडली, आणि मी तिचं काय करू?

म्हणून मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. माझ्यावरची धूळ पुसू नका, मला जपून ठेवू नका. मी त्या लायकीचा नाही. तुमच्या घरात कुणी नुसतं 'हं, हं' करत असेल तर त्यांच्या समोर जा, चेहरा दिसेल असे बसा, आणि मग बोला. चुकलं असेल तर तेही तोंडावर सांगा.

आत्ता स्टूल ओढल्याचा आवाज येतोय. भिंगरी वर चढतेय. तिच्या मुठीत नवा सेल आहे, आणि दारात ताई उभी आहे. भिंगरीचा हात माझ्या कानाशी येऊन थबकलाय, राजाची वस्तू घ्यावी की नको म्हणून.

उचल गं, बाळा. माझे कान नुसते शोभेचे आहेत.