अडतीस डोकी

"आल्या, आल्या!" मागून कुणीतरी ओरडलं आणि अख्खी बस टाळ्या वाजवायला लागली.

बायको मधल्या दाराच्या पायऱ्या चढत होती. एक हात दांडीला, दुसरा गुडघ्यावर. वर आल्यावर तिने सगळ्यांकडे बघून हसून मान डोलावली आणि ती माझ्या शेजारी येऊन बसली. मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, दुसऱ्या बसची चाकं होती.

टाळ्यांची ही पद्धत आमच्या सहलीच्या मॅनेजरबाईंनी पहिल्याच दिवशी सुरू केली होती. कुणी उशिरा आलं तर रागवायचं नाही, टाळ्यांनी स्वागत करायचं. खेळीमेळीचा मामला. एकदा दातांच्या डॉक्टरांसाठी टाळ्या वाजल्या, तर त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि बस हसून हसून लोळली. पण डॉक्टरांचं ते एकदाच झालं. माझ्या बायकोचं चार दिवसांत सातव्यांदा. मी मोजत होतो.

"किती वेळ लावतेस?" मी दबक्या आवाजात म्हणालो.

"रांग होती हो."

"रांग सगळ्यांनाच होती."

"सगळ्यांना माझ्यासारखं लागत नाही ना," ती म्हणाली, तेही नेहमीच्या आवाजात. तिला दबका आवाज कधी जमलाच नाही. पुढच्या खुर्चीवरच्या डॉक्टरांचा कान हलल्यासारखा मला वाटला. मी अगदी कानकोंडा झालो.

मी पस्तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली. सात वाजून पाच मिनिटांनी फाटकाला कुलूप घालायचं काम माझं. त्यात कुणाची गय नाही. एकदा माझी स्वतःची मुलगी बाहेर राहिली. पाचवीत होती. मी कुलूप काढलं नाही. तासाभराने बघतो तर तिच्या शेजारी तिची आई उभी, घरून चालत आलेली. दोघी काही न बोलता उन्हात उभ्या होत्या. स्टाफरूममध्ये माझं फार कौतुक झालं होतं तेव्हा. ते कौतुक मी पुढे बरीच वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

त्याच मुलीने आता आम्हाला या सहलीला पाठवलं होतं. दहा दिवस, चार जुनी शहरं, अवशेषच अवशेष. मॅनेजरबाईंना पहिल्या दिवशीच कळलं की मी पीटीचा सर, आणि त्यांनी डोकी मोजायचं काम माझ्यावर सोपवलं. "सर, तुमच्यासारखं शिस्तीचं माणूस असल्यावर मला काळजीच नाही." मी ताठ झालो. प्रत्येक थांब्यावर ड्रायव्हरच्या पाठीशी उभा राहायचो, दोन-दोनच्या जोड्यांनी मोजायचो आणि खणखणीत आवाजात सांगायचो, "अडतीस, पूर्ण!" आणि दर वेळी अडतिसावं डोकं माझ्याच घरचं, धापा टाकत येणारं.

पाचव्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खोलीत बूट घालताना मी तिला म्हणालो, "आज तरी माझी लाज काढू नकोस."

ती पिशवीत पाण्याची बाटली ठेवत होती. थांबली, माझ्याकडे बघितलं आणि बाटली पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. म्हणजे पाणीच प्यायचं नाही, म्हणजे जावंच लागणार नाही. मला ते समजलं. तरी मी "असू दे बरोबर" असं म्हणालो नाही.

त्या दिवशीचं शहर मोठं होतं. दोन हजार वर्षांपूर्वीचं, असं स्थानिक गाइड सांगत होता. हा एक वाळलेला म्हातारा, डोक्यावर गवती टोपी. तो इंग्रजीत बोलायचा आणि मॅनेजरबाई मराठीत सांगायच्या. खांबांच्या रांगा, नाटकाच्या पायऱ्या, स्नानगृहं. आम्ही सगळे फोटो काढत होतो. बायको मात्र एका उंबऱ्यापाशी वाकून बसली होती.

"अहो बाई, विचारा ना यांना," ती म्हणाली, "हे दगडाला भोक कशाचं? इथून सांडपाणी जायचं का? बायका धुणं कुठे धुवायच्या?"

मागून दोघे-तिघे हसले. मी दुसरीकडे बघितलं. राजे, लढाया, देवळं सोडून ही मोरी विचारत होती! पण म्हातारा गाइड एकदम खूश झाला. त्याने तिला हात धरून उठवलं, आडगल्लीत नेलं, जमिनीखालची पन्हळ दाखवली, आणि हाताने कपडे पिळून दाखवले. ती त्याच्याकडे बघून हसली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी पाच मिनिटं त्यांचं चाललं होतं. मी घड्याळ बघत होतो.

निघायच्या वेळी, बसपाशी जाताना, तिने माझी बाही धरली.

"मला जावं लागतंय."

"पाणी प्यायली नाहीस ना?"

"तरी लागतंय. ऑपरेशन झाल्यापासून असंच आहे, तुम्हाला माहीत आहे. इथलं बंद आहे, पलीकडच्या दाराशी आहे म्हणतात. मॅनेजरबाईंना सांगून ठेवा. पर्स बसमध्येच आहे माझी, फोनपण त्यातच."

"लवकर ये," मी म्हणालो.

मॅनेजरबाई दहा पावलांवर होत्या. त्यांच्याभोवती डॉक्टर, त्यांची बायको, आणखी चौघं. पुढे वस्तुसंग्रहालय होतं, ते पाचला बंद होणार, त्याचीच घाई चालली होती. मी गेलो आणि तिथे उभा राहिलो. 'आमच्या हिला पुन्हा जायचंय', एवढंच वाक्य. पण ते काही माझ्या तोंडून निघेना. म्हटलं, मोजणी होईपर्यंत येईलच ती.

बसमध्ये चढलो आणि मोजायला उभा राहिलो. दोन, चार, सहा. तिसऱ्या रांगेतल्या आमच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. एक माझी. दुसरीवर तिची पर्स. जागेवरूनच, नजरेने मोजत मागच्या रांगांपर्यंत गेलो. सदतीस. मी धरून अडतीस.

मला बरं वाटलं. म्हणजे आली, मधल्या दाराने चढली आणि सकाळच्या बोलण्याचा राग धरून मागे, सहलीत आलेल्या दोघी बहिणींपाशी जाऊन बसली. अशीच दोन दिवसांपूर्वीही ती तिथे जाऊन बसली होती. मागच्या रांगांतली निम्मी डोकी खुर्च्यांच्या पाठींआड होती. दहा पावलं चालून गेलो असतो तर दिसलं असतं. पण मला वाटलं, गेलो की ती सगळ्यांदेखत काहीतरी बोलेल. मी गेलो नाही.

"अडतीस, पूर्ण!"

बस निघाली. टाळ्या वाजल्या नाहीत. पाच दिवसांत पहिल्यांदाच मी पाठ टेकून निवांत बसलो, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही.

पंचवीस मिनिटांनी मागून त्या दोघींतली मोठी बहीण पुढे आली. तिच्या हातात गोळ्यांची पुडी होती. "सर, वहिनींना देता का? बस लागते म्हणत होत्या." मग तिने रिकामी खुर्ची पाहिली. "वहिनी कुठायत?"

"तुमच्याकडे ना?"

"आमच्याकडे? आमच्याकडे तर गाइड बसलाय."

म्हातारा गाइड. रोजचे गाइड फाटकापाशीच निरोप घ्यायचे. या म्हाताऱ्याला पुढच्या गावी घरी जायचं होतं, म्हणून मॅनेजरबाईंनी त्याला बसमध्ये घेतलं होतं. टोपी काढून शेवटच्या रांगेत बसलेल्या त्या पांढऱ्या केसांना मी माझी बायको म्हणून मोजलं होतं.

बस वळवली. जो तो घड्याळ बघत होता. संग्रहालय गेलं, हे सगळ्यांना कळलं होतं. डॉक्टर मागे वळून माझ्या खांद्यावर हात ठेवत म्हणाले, "सर, तुम्ही तरी काय करणार? सांगून गेलं पाहिजे माणसाने." मी मान हलवली. हो की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवावं अशी हलवली. त्यांनी 'हो' घेतलं.

ती तिकीटखिडकीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. खुर्ची तिथल्या तिकीटवाल्या बाईची असावी, कारण ती बाई स्वतः तिच्या शेजारी उभी होती. बायको रडत नव्हती. दोन्ही हात मांडीवर, पाय जुळवलेले. फोटो काढायला बसवतात तशी बसली होती. बस दिसल्यावरही ती लगेच उठली नाही. आधी तिने त्या बाईचे दोन्ही हात हातात घेतले, मग उठली.

मॅनेजरबाई धावत खाली उतरल्या. "काकू, अहो असं न सांगता कसं गेलात? केवढा घोर लावलात!"

मी त्यांच्या मागेच उतरत होतो. दाराच्या शेवटच्या पायरीवर होतो. बायकोने माझ्याकडे बघितलं. तिला एका क्षणात सगळं कळलं. माझ्या तोंडावरून कळलं असणार. चाळीस वर्षं ती ते तोंड वाचत आली आहे.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. मग बसमध्ये चढून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माफ करा हं मंडळी. माझ्यामुळे तुमचं बघायचं राहिलं. यांना न सांगताच गेले मी."

'तिने सांगितलं होतं.' तीन शब्द होते. मी मूग गिळून गप्प बसलो. कुणीतरी पुसटशा दोन टाळ्या वाजवल्या आणि थांबवल्या. डॉक्टरांच्या बायकोने तोंड फिरवलं. मी तिच्यासाठी खिडकीची जागा सोडली, माझ्याच्याने तेवढंच झालं.

संध्याकाळी खोलीत ती माझा शर्ट घडी करत होती. मी म्हणालो, "तू खोटं कशाला बोललीस?"

"मग काय खरं बोलायचं होतं?"

तिने शर्टाची बाही सरळ केली.

"मोजताना आपल्या खुर्च्या बघितल्यात?"

"बघितल्या. वाटलं, मागे जाऊन बसलीस."

"किती वेळाने कळलं?"

"पंचवीस मिनिटांनी."

"तुम्हाला कळलं?"

मी बुटाची नाडी सोडायला लागलो. मग म्हणालो, "मोठ्या बहिणीला."

"बरं," ती म्हणाली आणि दुसरा शर्ट घेतला. भांडली असती तर मी तरलो असतो. भांडणात मला माझी बाजू मांडता येते.

सकाळी नाश्त्याला सगळे जमले की उभं राहून सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. वाक्यंही तयार केली होती. सगळे जमले. डॉक्टरांनी मला शेजारी जागा दिली, चहा ओतून दिला, "काल फार मनस्ताप झाला हो तुम्हाला," म्हणाले. चहा घेतला. वाक्यं तशीच राहिली. बसमध्ये डोकी मॅनेजरबाईंनी स्वतःच मोजली, एकेकाला हात लावून. मला त्या काही बोलल्या नाहीत.

दुपारी आम्ही तटबंदीच्या गावात थांबलो. निघायची वेळ झाली. सगळे बसच्या दाराशी गोळा झाले होते. मी पायरीपाशीच उभा होतो. बायको माझ्या दिशेने येताना दिसली आणि मला कळलं, तिला जायचंय. मी तयार झालो. या वेळी मी मोठ्याने सांगणार होतो, सगळ्या बसला ऐकू जाईल असं.

ती माझ्यासमोर आली आणि माझ्या खांद्यावरून मॅनेजरबाईंना म्हणाली, "बाई, मला बाथरूमला जाऊन यायचंय. दहा मिनिटं लागतील. थांबाल ना?"

आवाज नेहमीचाच होता. सगळ्यांनी ऐकलं.

"जा काकू, सावकाश जा. आम्ही थांबलोय."

"चला, मीपण येते," मोठी बहीण म्हणाली.

मी त्यांच्या वाटेतच उभा होतो. बाजूला झालो.