एकेचाळीस नंबरची कुंडी

“मामा, पळत या! एकेचाळीस बघा!”

बसवराज सरांची हाक आली तेव्हा मी टँकरचा पाइप गुंडाळत होतो. छप्पन्नाव्या वर्षी पळायचं म्हणजे आधी गुडघ्यांची परवानगी काढावी लागते. तरी गेलो. प्लॅस्टिकच्या छपराखाली ज्वारीच्या साठ कुंड्या होत्या. उजवीकडच्या तीस पाण्याच्या, डावीकडच्या तीस कोरड्या. पोटरीत आल्यापासून, म्हणजे कणीस पोटात धरल्यापासून, कोरड्यांना थेंब द्यायचा नाही, असा सरांचा हुकूम. कोरड्या सगळ्या करपून गेलेल्या, पानांच्या सुरळ्या झालेल्या, आणि त्यांच्यात एकेचाळीस नंबर हिरवीगार उभी.

“आलं, मामा! तीन वर्षांनी आलं!” सरांनी चक्क माझे दोन्ही हात धरले.

बसवराज सर उदगीरचे. तिशी गाठलेला पोरगा, पीएच.डी. करतो. लातूर नवा जिल्हा झाला त्या साली, ब्याऐंशीला, मी या ज्वारीच्या शेतावर रोजंदारीला लागलो. तेव्हापासून किती सर आले, डॉक्टर होऊन गेले. कणसांना कागदी पिशव्या घालायला मी आपला इथंच. पण मला बसवून सगळं समजावून सांगणारा हा पहिलाच. ज्वारीच्या पेशीत म्हणे अक्षरांची लांबलचक पोथी असते. दुष्काळात तिच्यातलं अक्षर बदलत नाही, पण काही अक्षरांवर बारीक टिंबं बसतात, मिथाईलची. टिंबं बसलेलं पान घडी घालून बांधून ठेवल्यासारखं होतं, झाड ते वाचत नाही. आई-आजीला लागलेली ही टिंबं नातीत उतरतात का, आणि नात तहान जास्त सोसते का, हे सरांना बघायचं होतं. म्हणून तीन हंगाम एकाच वाणाला तहानेलं ठेवलं होतं. मार्चला त्यांचे पैसे संपणार होते.

सरांनी एकेचाळीसला लाल फीत बांधली. सगळ्या कुंड्यांची पानं कापून धूर निघणाऱ्या थंड डब्यात घातली. उद्याच्या गाडीनं ती हैदराबादला तपासायला जाणार होती.

“संशोधनाच्या पेपरात तुमचं नाव छापतो, मामा. ज्ञानोबा व्यंकटी, पूर्ण.”

माझं नाव हजेरीच्या पुस्तकाबाहेर कधी कुठं छापलेलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला लई बरं वाटलं.

दुपारी नेहमीच्या खांबाला टेकून डबा सोडला. भाकरी खाल्ली, झाकणात हात धुतले आणि झाकण आपसूक शेजारच्या कुंडीवर कललं. पाणी मातीत जिरलं, तेव्हा मला नंबर दिसला.

एकेचाळीस.

बाहत्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची. जेवण झालं की तिची नजर माझ्या हातावर. हात धुतलेलं पाणी भुईवर सांडलं की पाठीत धपाटा. “मुळाशी वत,” म्हणायची. मुळी नव्हतीच कुठं आसपास, एक वाळका लिंब होता, तरी त्याच्याच बुडाशी ओतायला लावायची. तेव्हापासून हात धुतले की पाणी मुळाशी. मी पाणी देतोय असं माझ्या मनातही आलं नव्हतं. पाणी म्हणजे पाइपातून मापानं देतात ते.

घरी आलो. नळाला पाणी येऊन सोळा दिवस झाले होते. चांगुणानं घागरीवरचं फडकं सारून मला पेला दिला. मी तिला सगळं सांगितलं.

“कुणी बघितलं का?” तिनं विचारलं.

“न्हाई.”

“अन् तुमचं नाव छापून येणार व्हतं?”

“हाव.”

तिनं घागरीवर फडकं परत सारलं. “ते डबं कवा जायलंय?”

“उद्या धाच्या गाडीनं.”

“मंग सकाळी लवकर निघा,” ती म्हणाली. “भाकरी आत्ताच थापून ठिवते.”

सकाळी सर थंड डब्याला दोरी बांधत होते. शीळ घालत होते.

“सर, एकेचाळीस कोरडी न्हाई.”

“म्हणजे?”

“माझं हात धुतलेलं पाणी. रोज दुपारी तिथंच पडायलंय. सवयच हाय मला.”

“किती दिवस?”

“कुंड्या मांडल्यापासनं.”

सर पालथ्या कुंडीवर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी वाट बघत उभा राहिलो.

“काल रात्री घरी फोन केला मी, मामा. अप्पांना सांगितलं, झालं म्हणून.”

मी खाली पडलेलं दोरीचं टोक उचलून डब्यावर ठेवलं.

“आमची आजी सिद्धम्मा नव्वदीची आहे,” ते म्हणाले. “जेवल्यावर ताट धुऊन ते पाणी पिते. थेंब सांडत नाही. तुम्हाला पण पिता आलं नसतं का हो?” बोलताना त्यांनी तोंड फिरवलं.

मग उठले, डब्यातून एकेचाळीसची पुडी काढली, कुंडीची फीत सोडली. बाकीची पानं गेली हैदराबादला. महिन्यानं निकाल आला. कोरड्यांच्या आणि पाण्याच्यांच्या टिंबांत सांगण्यासारखा फरक नव्हता, एवढंच सरांनी सांगितलं. ज्वारीच्या अंगात दुष्काळाची खूण राहते का, ते त्या कुंड्यांनी काही सांगितलं नाही. माझ्या अंगात मात्र राहिली होती, आणि नेमकी त्या पोराच्या मुळावर आली.

सरांना सांगितलं त्याच दिवशी दुपारी मी त्याच खांबाला टेकलो. दुसरीकडे बसता आलं असतं, पण पाय तिथंच गेले. भाकरी संपवली. झाकणात हात धुतले. एकेचाळीस शेजारीच होती. तिला काढून टाका असं सर म्हणाले नव्हते आणि पाणी घाला असंही नाही. तिचं वरचं पान काठाला जरासं वळायला लागलं होतं.

मी तिच्याकडे पाठ केली आणि झाकण तोंडाला लावलं. पाण्याला चटणीचं तिखट लागलं होतं.