दगडावरचा एक शब्द

भाऊ वारला त्याला आज नववा दिवस. त्याच्यासाठीची शेवटची रोझरी, जपमाळेची प्रार्थना, झाली, बायका आपापली पातेली घेऊन घरी गेल्या, आणि मी भांडी तशीच टाकून अमासमोर बसले. अमा म्हणजे माझी आई. थडग्याचा दगड कोरणाऱ्याचा दोनदा फोन येऊन गेला होता. तो शब्द कोरायचा की नाही, एवढंच त्याला विचारायचं होतं. संध्याकाळपर्यंत सांगा म्हणाला.

माझ्या भावाने, फिदेन्सियोने, जाण्याआधी कागदावर लिहून ठेवलं होतं. नाव, दोन तारखा आणि खाली एकच शब्द, चिकानो, अमेरिकेतल्या आम्हा मेक्सिकन वंशाच्या लोकांना म्हणतात तो. दगड त्याच्या एकट्याचा असता तर मी कुणाला विचारलंही नसतं. पण कबरीची जागा अमाने घेतलेली, दगड दोघांचा. तिचंही नाव आत्ताच कोरायचं, तारीख तेवढी मोकळी ठेवायची. म्हणजे तो शब्द नेमका तिच्या नावाच्या वर येणार.

"माझ्या डोक्यावर शिवी?" त्र्याण्णव वर्षांची बाई, पण आवाज ऐका. "आमच्या वेळी असं कुणाला म्हणायचे, ठाऊक आहे? घर ना दार, कापूस वेचत गावोगाव हिंडतात त्यांना. माझ्या पोरांना कुणी तसं म्हणू नये म्हणून मी लोकांच्या फरश्या पुसल्या."

"अमा, त्याला ती शिवी वाटत नव्हती."

"तुला काय कळतंय त्यातलं!"

बरोबर आहे, मला काय कळतंय. सहासष्टाव्या वर्षी गुडघे गेलेत, नऊ दिवस आल्यागेल्याला मक्याच्या पिठाचे तमाले वाढतेय, आणि मला काही कळत नाही! अंत्यविधीवाल्याने अर्ज भरताना विचारलं होतं, वंश कोणता. अमा चटकन म्हणाली, गोरा. त्या बिचाऱ्याने आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि मुकाट्याने लिहिलं. फिदेन्सियोच्या जन्माच्या दाखल्यावरही तेच होतं, आमच्या साऱ्या गल्लीच्या दाखल्यांवर तेच; कागदोपत्री मेक्सिकन गोऱ्यांतच धरायचे. आणि याच गोऱ्या पोराला सॅन अँटोनियोच्या शाळेत स्पॅनिश बोलला म्हणून पट्टीने झोडपलं होतं.

इतकी वर्षं मी हे तोंडातून काढलं नव्हतं. आज अंगात गप्प बसायचंही त्राण नव्हतं.

"तू घरातलं स्पॅनिश बंद केलंस, अमा. सात वर्षांचा होता तो. आजी आली की तिच्याशी काय बोलावं त्याला समजायचं नाही, नुसता हसायचा. मेक्सिकोत गेला की ते म्हणायचे, हा परका. इथले म्हणायचे, जा परत तिकडे. मग शाळेतून पोरं उठून बाहेर पडली, मोर्चे निघाले. आपल्याला हिणवायचा शब्द त्यांनी उचलला आणि छाती पुढे काढून स्वतःलाच लावला. त्याच्या वाट्याला तेवढंच आलं गं. तेही काढून घेतेस?"

अमाने चष्मा काढला, झग्याला पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, आता आपली खैर नाही.

"पहिल्यांदा त्याने तो शब्द काढला," ती म्हणाली, "तेव्हा मी त्याच्या थोबाडीत मारली होती."

"माहीत आहे. मी इथेच होते."

"अठरा वर्षांचं पोर. उलटून बोलला नाही." तिचा आवाज आता पार बसला होता. "स्पॅनिश बंद केलं की मार थांबेल असं वाटलेलं मला, एर्लिंदा. शाळेतला थांबलाही. मग मीच मारलं."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो झिडकारला आणि फोनकडे बोट दाखवलं.

"कर त्याला फोन. म्हणावं, मोठा कोर. माझ्या नावापेक्षा मोठा."

मी फोन लावला. पलीकडून तो माणूस हॅलो म्हणाला, आणि मी आधी विचारलं, त्या शब्दाची अक्षरं किती मोठी करता येतील.