सतरा नंबरचं केंद्र

"सतरा नंबरचं केंद्र बंद करावं," मी म्हणाले. आवाज अजिबात कापला नाही. दोन वर्षांत चौदा मुलाखती दिल्या की आवाज तरी तयार होतोच.

आमच्या राजधानीत, लिलाँग्वेत, आरोग्य खात्याच्या त्या ऑफिसात विश्लेषकाची एकच जागा होती आणि शेवटच्या फेरीत आम्ही तिघं उरलो होतो. सकाळी प्रत्येकाच्या हातात वीस आरोग्य केंद्रांचा तक्ता दिला. गावांची नावं नाहीत, नुसते नंबर. यातलं कुठलं बंद करावं ते सांगा, एवढीच परीक्षा. बाहेर बाकावर वोंगानी नावाच्या उमेदवारानं मला आपल्या मंदासीतला, म्हणजे तळलेल्या गोड पावातला, अर्धा तुकडा दिला होता आणि वर सल्लाही. म्हणाला, "अगं, खोटेच आकडे असतात ते. बिनधास्त कुणालाही उडव."

उत्तर तर समोरच होतं. सतराचे जानेवारी ते मार्च निम्मे दिवस कोरे. लोक येतच नसतील तर केंद्र हवं कशाला, असं मी ठणकावून सांगितलं. आमच्याकडे हेच पावसाचे महिने, रस्ता बंद होत असेल, अशी फोडणीही दिली.

समोर दोघं बसले होते, काचालेबाई आणि मुंथाली साहेब. साहेब खूश दिसले. "तिघंही सतराच म्हणालात," ते म्हणाले. "म्हणजे चिम्वालाला केंद्र बंदचं पत्र पाठवायला आता हरकत नाही."

चिम्वालाच्या केंद्रातली एकुलती एक नर्स माझी आई आहे.

आमच्याकडे पेशंट आपली आरोग्यवही घरून आणतो. नर्स तिच्यात लिहिते आणि वही त्याच्याबरोबर परत जाते. तेच पुन्हा केंद्राच्या रजिस्टरात उतरवायचं असतं. मलेरियाच्या दिवसांत आईला पाणी प्यायला उसंत नसते, रजिस्टर कुठून भरणार? ती औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे फाडून त्यावर नावं खरडायची, आणि रविवारी चर्चहून आल्यावर मी ती रजिस्टरात उतरवायचे. आकड्यांची गोडी मला तिथंच लागली. मग मी विद्यापीठात गेले. रविवारी आता ते कोण भरणार, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. गर्दी जितकी जास्त, तितकं पान कोरं. हे वाचता येणारी त्या खोलीत मी एकटी होते, आणि मीच ते वाचलं नव्हतं. लाज वाटली मला स्वतःची.

मी सगळं सांगितलं, अडखळत सांगितलं. काचालेबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मान खाली घातली. साहेब रागावले असते तर बरं झालं असतं.

"आई आहे म्हणून बोलताय, समजू शकतो," ते शांतपणे म्हणाले. "पण नोंद नाही म्हणजे पेशंट नाही. सोमवारपासून हेच तुम्हाला दुसऱ्यांना सांगायचंय." त्यांनी नेमणुकीचा कागद पुढे सरकवला. "नको असेल तर तसं सांगा. वोंगानी अजून बाहेरच बसलाय."

मी सही केली. आत राहिलं तर काहीतरी करता येईल, असं मनाला समजावलं. मन काही फसलं नाही.

फाटकाबाहेर येऊन आईला फोन लावला. पत्राचं आधी सांगायचं, नोकरीचं नंतर, असं ठरवलं होतं. तिनं उचलला तेव्हा मागे पोरं रडत होती, कुणीतरी सारखं खोकत होतं.

"लवकर बोल बाई, रांग पार आंब्यापर्यंत गेलीय. मिळाली का?"

"मिळाली," मी म्हणाले. "पण आई, ऐक..."

तिनं ऐकलंच नाही. फोन कानापासून काढून तिनं रांगेला ओरडून सांगितलं. बायकांनी लग्नात करतात तशी जिभा हलवत लकेर काढली. एकीची थांबली की दुसरीची सुरू. मग लांबून, आंब्याखालच्यांचीही आली.

मी फोन कानाशी घट्ट धरून त्या किती जणी असतील ते मोजू लागले.