चारखैरीचा कारभार चारखैरीत

कुसुमताई ढोके नागपूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात बावीस वर्षं शिपाई होत्या. पुस्तकं कपाटातून काढायची, परत लावायची, धूळ पुसायची. शिक्षण बारावीपर्यंतचं, पण दुपारी डबा खाऊन झाला की त्या नकाशांचं मोठं पुस्तक टेबलावर उघडून बसत. एकदा त्यांना फिनलंडशेजारच्या समुद्रात बेटांचा एक पुंजका दिसला. रंग फिनलंडचाच, पण बाजूला झेंडा मात्र निराळा छापलेला.

त्यांनी ग्रंथपाल उत्तरा घाट्यांना विचारलं, "मॅडम, हे बेट कोनाचं आहे? देश त्यायचा, मंग झेंडा वेगळा काहून?"

उत्तराबाईंनी चष्मा कपाळावर सारला आणि सांगितलं, "याला आलंड म्हणतात, कुसुम. देश फिनलंडच. पण शाळा, दवाखाने, भाषा, सगळा घरचा कारभार त्यांचा ते बघतात. यालाच स्वायत्तता म्हणतात."

त्या दिवसापासून कुसुमताईंना नादच लागला. ग्रीनलंड, आचे, दक्षिण तिरोल, आपल्याकडचं लडाख आणि बोडोलँड, जिथे जिथे देशाच्या आत राहून लोक आपलं आपण बघतात, तिथली माहिती त्या एका दोनशे पानी वहीत उतरवून घेत. कशासाठी, ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

निवृत्त झाल्यावर त्या नरखेड तालुक्यातल्या आपल्या गावी, चारखैरीला परतल्या. नवरा नत्थूजी तिथेच होते, संत्र्याच्या साडेतीनशे झाडांपाशी. गावात आल्यावर आठच दिवसांत त्यांना कळलं की चारखैरी हे नुसतं नावाचं गाव आहे. वरूडखेड आणि चारखैरी मिळून एकच गट ग्रामपंचायत होती. नऊ सदस्यांपैकी सहा वरूडखेडचे, तीन चारखैरीचे. कोणताही ठराव मांडा, निकाल ठरलेला: सहा विरुद्ध तीन. चारखैरीच्या शाळेचं छत गळायचं आणि वरूडखेडच्या चौकाला दुसऱ्यांदा फरशी बसायची. साध्या रहिवासी दाखल्यासाठी म्हाताऱ्यांना साडेतीन किलोमीटर चालत जावं लागे, आणि कार्यालयाला कुलूप दिसलं की तसंच परत.

कुसुमताई निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि त्या तिघांतल्या एक झाल्या. पहिल्या वर्षी त्यांनी अकरा ठराव मांडले. अकराही पडले.

मग त्यांनी घरोघर फिरून बायकांना जमवलं. गावची बंद पडलेली बोअर गावकऱ्यांनीच दुरुस्त केली. कोणत्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, टाकी कोणी धुवायची, याचं वेळापत्रक त्यांतल्याच वच्छलाबाईंच्या ओट्यावर खडूनं लिहिलं जाई. चौदा महिने ते वेळापत्रक एक दिवसही चुकलं नाही. पंधराव्या महिन्यात कुसुमताई म्हणाल्या, "पानी आपन चालवू शकतो, तं गावही चालवू शकतो. आपली ग्रामपंचायत वेगळी पायजे."

चारखैरीनं एकमुखानं अर्ज केला. वरूडखेडच्या ग्रामसभेनं तितक्याच एकमुखानं विरोध केला. विरोधाचा पुढारी होता सरपंच दुर्गेश, चाळिशीचा, उमदा गडी आणि नात्यानं नत्थूजींच्या चुलतभावाचा मुलगा. भर सभेत तो हात जोडून म्हणाला, "काकू, तुमी माया घरच्या आहा. पन तुमी गाव तोडून राहिल्या. आज चारखैरी वेगळी, उद्या गल्ली वेगळी, परवा घर वेगळं. हे कुठं जाऊन थांबन?"

टाळ्या त्याला पडल्या. कुसुमताई मान खाली घालून घरी आल्या. दोन्ही गावांचं म्हणणं ऐकायला नागपूरला सुनावणी लागली, ती दहा दिवसांवर. तिथेही दुर्गेश हेच बोलणार आणि साहेब हेच ऐकणार, असं त्यांना वाटत होतं.

नत्थूजी बोलायला कंजूष. मृगबहाराची संत्री तोडून झाल्यावर टोपल्या रचताना ते एकदम म्हणाले, "तो दुर्गेश गाव तुटन म्हनून नाई भिऊन राहिला वं."

"मंग कायले भिऊन राहिला?"

"तलावाले. तलाव आपल्या हद्दीत येते. वरूडखेडच्या साऱ्या बागा त्याच्यावर जगतात. उद्या आपन वेगळे झालो अन् पानी बंद केलं, तं त्यायनं काय करावं? हे तो चारचौघांत बोलून दाखवन काय? सरपंच आहे तो."

कुसुमताईंच्या हातातलं संत्रं हातातच राहिलं. इतके दिवस त्या भांडत होत्या आणि समोरच्याला भीती कशाची वाटते, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांनी पेटीतून वही काढली. आलंडचं पान काढलं. शंभर वर्षांपूर्वी तिथेही हेच झालं होतं. बेटावरच्या लोकांना आपली स्वीडिश भाषा जाईल याची भीती, आणि फिनलंडला आपलं बेट जाईल याची. तोडगा निघाला तो दोन्ही भीतींवर. कारभार बेटाला मिळाला, बेट फिनलंडकडे राहिलं, आणि पुढे तो कायदा असा पक्का केला की एका बाजूला तो एकट्यानं बदलताच येऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या नागपूरला निघाल्या. उत्तराबाई आता धंतोलीत मुलाकडे राहत. त्यांनी दार उघडलं आणि कुसुमताई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "मॅडम, मले एक कागद लिहायचा आहे. चुकला नाई पायजे."

दोघी दुपारभर जेवणाच्या टेबलावर बसल्या. कागदाचे तीन भाग झाले. चारखैरीनं स्वतः बघायचं ते: शाळा, नळ, दिवे, रस्ते, दाखले. दोन्ही गावांनी मिळून बघायचं ते: तलाव, स्मशानभूमी, आठवडी बाजार. आणि शेवटची अट, तलावाच्या पाण्याची आजची वाटणी बदलायची असेल तर दोन्ही ग्रामसभांचा ठराव लागेल. एकीचा चालणार नाही.

उत्तराबाईंनी मसुदा दोनदा वाचला. "हे उत्तम झालंय. पण कुसुम, तिथे आलंडबिलंड सांगत बसू नकोस हं. सरकारी कचेरी आहे ती. हसतील."

"हासू द्या," कुसुमताई म्हणाल्या. "बावीस वर्षं पुस्तकं पुसली, मॅडम. त्यातलं एक तरी कामी येऊ द्या."

गावी परतून त्यांनी तो कागद वच्छलाबाईंच्या ओट्यावर सगळ्या गावाला वाचून दाखवला. सुनावणीच्या दिवशी सिव्हिल लाइन्सच्या त्या कचेरीत पंखे गरगरत होते, तरी सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटले होते. चारखैरीहून एकोणीस बायका आल्या होत्या, वरूडखेडहून दोन जीपगाड्या भरून माणसं. उत्तराबाई भिंतीला टेकून मागे बसल्या होत्या. अधिकारी तरुण होते. शब्द मोजून बोलणारे.

दुर्गेश आधी बोलला आणि चांगलं बोलला. एकोपा, जुने संबंध, छोट्या गावाला न पेलणारा भार. अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि कुसुमताईंकडे वळले. "ताई, तुमची लोकसंख्या जेमतेम अकराशे. एवढ्याशा गावाला स्वतःचा कारभार झेपेल?"

कुसुमताई उभ्या राहिल्या. त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"साहेब, ग्रीनलंड नावाचा मुलुख आहे. डेन्मार्कच्या राज्यात. मानसं किती, तं छप्पन हजार. आपल्या नागपूरच्या एका प्रभागात मावतीन. पन त्यायची स्वतःची विधानसभा आहे. आलंड नावाची बेटं आहेत फिनलंडची. तिथं तीस हजार. तेही शंभर वर्षांपासून आपलं आपन चालवून राहिले."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सरपंच म्हनतात, गाव तुटते. मी वाचलं ते उलटंच आहे, साहेब. आलंडच्या लोकायले पहिले फिनलंड सोडूनच जायचं होतं. घरचा कारभार हातात आला अन् ते शंभर वर्षं तिथंच राहिले. दोन भावायच्या चुली वेगळ्या झाल्या म्हनून रक्त वेगळं होत नाई. उलट भांडी आपटनं बंद होते."

आता बायकांच्या बाजूनं हसू उसळलं, आणि वरूडखेडच्या बाकावरही एकदोन मिशा हलल्या.

"झेपन का म्हनता? चौदा महिने आमची बोअर आमी चालवली. एक दिवस नाई चुकला." मग त्या दुर्गेशकडे वळल्या. आवाज एकदम खाली आला. "अन् दुर्गेश, तुले एक सांगायचं राहिलं. तुमच्या बागायचं पानी तुटन, अशी भीती तुया मनात आहे, हे मले आधी समजाले पायजे होतं. चूक माई आहे. हा कागद वाच."

दुर्गेशनं कागद घेतला. त्यानं एकदा वाचला, परत पहिल्यापासून वाचला, मग शेवटच्या अटीवर बोट ठेवलं.

"काकू, हे चारखैरीले एकटीनं नाई बदलता येनार?"

"नाई."

"अन् आमाले?"

"तुमालेही नाई. दोघायनं बसूनच बदलाले लागन."

"तुमच्या गावानं हे मानलं?"

एकोणीस बायका एकदम म्हणाल्या, "मानलं!"

दुर्गेशनं गमछ्यानं तोंड पुसलं. मग तो अधिकाऱ्यांना म्हणाला, "साहेब, मी हा कागद आमच्या ग्रामसभेत ठेवतो. मी स्वतः वाचून दाखवतो. लोकायनं मानला, तं माई हरकत मी वापस घेतो."

अधिकाऱ्यांनी तसं लिहून घेतलं. उठता उठता त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही शिकवायला होतात का कुठे?"

"नाई साहेब. शिपाई होते. लायब्ररीत."

बाहेर कडुनिंबाखाली उत्तराबाईंनी कुसुमताईंचे दोन्ही हात धरले. बोलायला गेल्या आणि डोळेच भरून आले. वच्छलाबाईंनी सगळ्यांसाठी उसाचा रस सांगितला. वरूडखेडच्या जीपगाड्या निघताना दुर्गेशनं त्या थांबवल्या आणि चार म्हाताऱ्या बायकांना बसवून घेतलं; एसटीत उभ्यानं कशाला जाता, म्हणाला.

वरूडखेडच्या ग्रामसभेत तासभर गोंधळ झाला. दुर्गेशनं कागद तीनदा वाचला. शेवटी सगळ्यांत मोठ्या बागेचे मालक धर्मेंद्र भोयर उठले आणि म्हणाले, "आजपर्यंत तलावाची हमी आमच्या जवळ कागदावर नव्हती. आता मिळून राहिली. मंग आपल्याले दुःख कायचं?" ठराव झाला. पुढे अकरा महिने कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरला; कुसुमताई त्याच्यामागे सात वेळा नागपूरला आणि एकदा मुंबईला जाऊन आल्या. आणि एका मंगळवारी सरकारची अधिसूचना निघाली. चारखैरीला स्वतःची ग्रामपंचायत मिळाली.

निवडणुकीत सरपंचपदासाठी दोघं उभे होते. दर चार मतांतली तीन कुसुमताईंना पडली. वरूडखेडहून ढोलताशा आला, तो दुर्गेशनं पाठवलेला, आणि नत्थूजी, जे स्वतःच्या लग्नातही नाचले नव्हते, ते चौकात हात वर करून नाचले.

पहिली ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. सतरंज्या कमी पडल्या, लोक भिंतीवर चढून बसले. मुलगी पाहायला आलेले पाहुणेसुद्धा थांबून राहिले. कुसुमताई खुर्चीवर न बसता उभ्याच होत्या. ग्रामसेवकानं कोरं रजिस्टर उघडलं, तारीख घातली आणि पहिला विषय वाचला: शाळेच्या छताची दुरुस्ती.

"सूचक कोण?" त्यानं विचारलं.

सूचक म्हणजे ठराव मांडणारा, हे बऱ्याच जणांना शेजाऱ्यानं कानात सांगितलं. मग वच्छलाबाईंनी हात वर केला. मागोमाग सिंधूताईंनी. मग भिंतीवरच्या तरण्यांनी, मग काठी टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांनी, मग पटांगणातल्या सगळ्यांनीच.

ग्रामसेवक घाबरला. "अहो, सूचक एकच लागतो! नाव कोणाचं लिहू?"

कुसुमताईंनी त्या हातांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत इथल्या कुणालाही हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. त्या मोठ्यानं हसल्या आणि म्हणाल्या, "घाई नाई गा. नावं लिहायले सुरुवात तं कर. आपल्याजवळ आता पूर्न रजिस्टर आहे."